सिस्टरची इटालियन

गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट-वायसर हातात उरतातच. गाडी तर मस्त पळते, मग हे आले कुठून? कुणालाच सांगता येत नाही. आमचे मास्तर ते उचलून एका पत्र्याच्या डब्यात टाकतात. किश्श्यांचंही तसंच आहे. काम झालं, गाडी गेली, गिऱ्हाईक विसरलं, पण चहाच्या टायमाला कुणीतरी म्हणतं, "अन् त्या दिवशी काय झालतं..." की झालं! अर्धा तास कामाला हात नाही.

नांदेडला लातूर फाट्याच्या अलीकडे विठ्ठल मास्तरांचं गॅरेज आहे. त्याला लागून माझं लेथ मशीनचं दुकान. मी ज्ञानोबा, पण मास्तरांच्या तोंडी कायम ज्ञान्या. समोर लिंबाखाली गफूर पेंटर बसतो. तिघांची मिळून एकच चहाची किटली. आमच्या डब्यात किस्से पुष्कळ आहेत, पण एका वर्षाचे सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत. सिस्टरच्या इटालियनचे!

*

ती गाडी रेणापूरहून टेम्पोत आली. टेम्पोत सोयाबीनची रिकामी पोती आणि पोत्यांखाली ही आडवी. पुढच्या सीटवरून एक सडपातळ बाई उतरल्या. पांढरे केस, पायात बूट, वय अडुसष्ट. नाव सुशीलाबाई जाधव, पण त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळे सिस्टरच म्हणतात.

कंधारकडच्या भागात मिशनचा एक छोटा दवाखाना होता, तिथं त्या नर्स होत्या. तिथले डॉक्टर इटलीचे. त्यांनी आपल्या देशातून ही मोटारसायकल आणलेली. ते परत गेले तेव्हा गाडी कुणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्याशिवाय ती एकट्या सिस्टरलाच चालवता यायची. पुढं अठ्ठावीस वर्षं सिस्टर त्या गाडीवरून वाड्या-तांड्यांवर बाळंतपणं करत फिरल्या. रिटायर झाल्यावर त्या लातूरला मुलीकडं राहायला आल्या आणि गाडी रेणापूरच्या शेतात, आखाड्यावरच्या गोठ्यात पडून राहिली.

मास्तरांनी गाडीला एक चक्कर मारली. टाकीचा लाल रंग फिका पडलेला, मडगार्डला पोचे, सीटला जाड दोऱ्याचे टाके.

"सिस्टर, काळजीच सोडा," मास्तर म्हणाले. "कलर, क्रोम, सीट, समदं नवं टाकतो. शोरूममधून काढल्यावानी करतो!"

सिस्टरनी चष्मा पुसला. "मास्तर, दवाखान्यात पेशंट आणला तर त्याला काय करतात?"

"बरं करतात की."

"मंग मला बी गाडी बरी करून पाहिजे. नवरी करून न्हाई! जे चालतंय त्याला हात लावायचा न्हाई. जे बिघडलंय ते दुरुस्त करायचं. जे दुरुस्तच होत न्हाई तेवढंच बदलायचं, अन् ते बी मला विचारून."

एवढं बोलून त्यांनी पर्समधून चक्क एक कोरा केसपेपर काढला आणि पेन काढून लिहायला लागल्या. नाव : इटालियन. वय : माझ्याहून थोडं कमी. तक्रार : बोलत नाही. तो कागद त्यांनी सुतळीनं हँडलला बांधला, टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि "दर रविवारी बघायला येते" म्हणून लातूरच्या एसटीत बसल्या.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "ज्ञान्या, ॲडमिट झाली रे गाडी!"

*

पहिलीच अडचण अशी की इंजिन जाम. किक दाबली तर पायाला झिणझिण्या, पण किक जागची हलत नाही. पिस्टन आत चिकटलेला.

मास्तरांचा अशा कामातला उपाय म्हणजे लाकडी ठोकळा आणि हातोडा. रविवारी सिस्टर आलेल्या असतानाच त्यांनी हातोडा उचलला. सिस्टर म्हणाल्या, "अडलेल्या बाईचं बाळ असं ठोकून काढतात का?"

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला.

मग औषध ठरलं. प्लगच्या भोकातून सकाळी दोन चमचे डिझेल आणि ऑइल, संध्याकाळी दोन चमचे. ते द्यायचं काम माझ्याकडं. वर केसपेपरवर लिहायचं, "सकाळचा डोस दिला. हालचाल नाही." मी इमानदारीत लिहीत होतो. लेथवर काम करणारा माणूस मी, आयुष्यात एवढं मराठी कधी लिहिलं नव्हतं. गिऱ्हाईकं वाचायची आणि माझ्याकडं बघायची.

सतरा दिवस तेच वाक्य. अठराव्या दिवशी सकाळी मी सवयीनं किकवर हात ठेवून भार दिला आणि किक बोटभर खाली गेली. मी ओरडलो. मास्तर चहा टाकून पळत आले. त्यांनी लगेच लातूरला फोन लावला.

"सिस्टर! पेशंटनं पाय हालवला!"

सिस्टर तेव्हा नात्यातल्या एका साखरपुड्यात जेवायला बसल्या होत्या. त्या ताटावरून उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हालला? अठरा दिवसांनी हालला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अख्खी पंगत थांबली. नवरीच्या चुलत्यानं जवळ येऊन विचारलं, "कोण हाय आपलं? कुठल्या दवाखान्यात हाय?"

सिस्टर म्हणाल्या, "नांदेडला. गॅरेजात हाय."

*

यात सगळ्यात जास्त हाल झाले गफूर पेंटरचे. त्याचा हात असा की मोडक्या ट्रॉलीला रंग दिला तरी लोक थांबून बघतात. आणि त्याला सांगितलेलं, रंग द्यायचा नाही!

"क्या सिस्टर, पेंटरला बोलावलं अन् पेंट नक्को म्हणता? मंग मी करू काय?"

"धुवायचं. साबणाचं पाणी, जुनं मऊ धोतर, मग मेण. खरडायचं न्हाई."

टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग उडून पत्रा दिसत होता, तळहाताएवढा. गफूरला ते काही केल्या बघवेना. एका रविवारी त्यानं सिस्टर यायच्या आत लाल रंग तयार केला. इतका हुबेहूब, की उन्हात धरला तरी फरक कळू नये. ब्रश टेकवणार तेवढ्यात मागून सिस्टरचा आवाज आला.

"गफूरभाई, तिथं मपला गुडघा असायचा."

गफूर थांबला.

"साडी खोचायची, खाली पायजमा घालायचा अन् गुडघ्यानं टाकी धरून बसायचं. नाल्यातून, ढेकळातून. मपल्या गुडघ्यानं अठ्ठावीस वर्षं घासून ती जागा केलीय. तुम्ही दोन मिन्टात भरू नका."

गफूरनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. त्या दिवसापासून मात्र तो पेटला. तीन आठवडे रोज दुपारी तो ती गाडी पुसायचा. कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणल्या होत्या त्यानं! धुळीखालून एकेक गोष्ट वर यायला लागली. टाकीवर बारीक सोनेरी रेघ निघाली. मडगार्डवर पांढऱ्या अक्षरात "दवाखाना" निघालं.

काम संपल्यावर तो संकोचून सिस्टरपुढं उभा राहिला. "एक अर्ज हाय. आम्ही पेंटर लोक गाडीवर नाव टाकतो. ह्या गाडीवर मी काहीच केलं नाही. पण जे काही केलं नाही, ते मीच केलं ना?"

सिस्टर खूप हसल्या. त्यांनी परवानगी दिली, पण आतल्या बाजूला. आजही साइडचं झाकण काढलं की आत अगदी सुबक अक्षरं दिसतात : "काम – कुछ नहीं किया. गफूर पेंटर, नांदेड."

*

आता माझाही एक सांगतो, लपवून काय करायचं!

गिअरच्या दांडीची पिन झिजून दांडी लटपटत होती. मी म्हटलं, हे आपलं काम. लेथवर अशी पिन काढली की आरशात बघावं तशी चकचकीत. बसवली. दांडी एकदम टाइट. रविवारी सिस्टर आल्या, दांडी हलवून बघितली आणि म्हणाल्या, "बेस झालं. जुनी कुठाय?"

"जुनी? टाकली की."

"ज्ञानोबा, नवी चढवली म्हणून जुनी टाकतात का? जुनीला नुसतं वेल्डिंगनं भरून घेतलं असतं अन् घासलं असतं तर ती अजून तीस वर्षं चालली असती. मला विचारलं का?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, "एक अवयव गहाळ." मला जेवण गेलं नाही.

लेथच्या चुऱ्याचं पोतं सकाळीच भंगारवाला घेऊन गेलेला. मी त्याच्या गोदामात गेलो. सायकली, कुलर, मोटारीचे पंप, डोंगरच नुसता! मी लोहचुंबक घेऊन पोतं उपसायला बसलो. दुपार झाली, ऊन कलायला लागलं. भंगारवाला लांबून बघून राहिला होता. शेवटी जवळ आला.

"काय शोधायलास?"

"पिन हाय एक. बोटाएवढी."

"चांगली हाय का?"

"न्हाई, झिजलेली हाय."

"मंग कामून पाहिजे?"

"जुनी हाय म्हणून पाहिजे."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गोदामाकडं बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "दादा, इथं समदंच जुनं हाय. गोदामच घेऊन जा की!"

पिन सापडली. भरून, घासून तीच बसवली. माझी चकचकीत पिन मास्तरांच्या डब्यात पडून आहे.

*

हा किस्सा मास्तरांना आवडत नाही, पण ते चहाला गेलेत तेवढ्यात सांगतो.

कार्बोरेटर उघडायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "ज्ञान्या, तू उघड. मला चष्मा सापडना." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तूच उघड, मला बँकेत जायचंय." मला वाटलं, आळस. चाळीस वर्षं बारीकसारीक कार्बोरेटर डोळे झाकून खोलणारा माणूस, त्याला काय धाड भरली?

सिस्टरला मात्र एका रविवारी दिसलं. मास्तरांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. सिस्टरनी त्यांना एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "तळहात पालथा करा, त्याच्यावर हा ठेवा."

कागद फडफडायला लागला. वारा नव्हता.

मास्तरांनी हात मागं ओढला. "वय झालं, सिस्टर. वर्ष झालं असंच. कुणाला सांगू नका. मिस्त्रीचा हात थरथरतोय म्हणलं की गिऱ्हाईक येत न्हाई."

मी पलीकडं लेथ बंद करून उभा होतो. मला वर्षभरात कळलं नव्हतं, ह्याची मला लाज वाटली. मास्तरांनी मला हातात कानस धरायला शिकवलंय.

"वजन उतरलंय का?" सिस्टरनी विचारलं. "छातीत धडधड? घाम लई येतोय?"

"येतोय की. नांदेडात कुणाला येत न्हाई?"

"उद्या सकाळच्या एसटीनं लातूरला यायचं. रक्त तपासायचं."

"आवो, मला काय धाड भरली..."

सिस्टरनी पर्स उघडली. दुसरा केसपेपर निघाला. तो त्यांनी मास्तरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवला. नाव : विठ्ठल मास्तर. वय : सांगत नाही. तक्रार : ऐकत नाही!

मास्तर गेले लातूरला. थायरॉइड निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दोन-अडीच महिन्यांनी एक दिवस मी दुकान उघडायला आलो तर मास्तर माझ्या आधी येऊन बसलेले. समोर फडक्यावर कार्बोरेटर पूर्ण खोललेला, एकेक पितळी तुकडा ओळीत मांडलेला. मला म्हणाले, "चहा सांग. एका हातानं पिणार हाय आज."

*

इंजिन सुरू करायचा दिवस ठरला, पण टाकी अजून आतून साफ व्हायची होती. पेट्रोल द्यायचं कशातून? सिस्टर म्हणाल्या, "त्यात काय! सलाईन लावू." आणि त्यांनी रिकामी सलाईनची बाटली, नळी, सगळं काढलं. लिंबाच्या फांदीला बाटली टांगली, आत पेट्रोल, नळी खाली कार्बोरेटरला. थेंब थेंब मोजून त्यांनी चक्री फिरवली.

आम्ही सगळे गाडीभोवती वाकलेले. मास्तर किक मारायचे, मी थ्रॉटल धरलेला, गफूर पुटपुटत होता. आजूबाजूचे पाच-पंचवीस लोक जमले. रस्त्यावरून दिसायचं ते एवढंच : झाडाला सलाईन, शेजारी पांढऱ्या केसांची सिस्टर, आणि घोळका.

एका ऑटोतून एक बाई उतरल्या. "बाजूला व्हा, हवा येऊ द्या!" म्हणत आल्या आणि आमच्या पाठीमागूनच त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. कुणी विचारलंच नाही, कुणी सांगितलंच नाही.

विसाव्या किकला गाडीनं एक ठसका दिला. बाविसाव्याला धूर. तेविसाव्या किकला ती चालू झाली! आवाज असा भरीव, की माझ्या छातीत वाजत होता. सिस्टर एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं डोळे पुसायला लागल्या.

तेवढ्यात सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर उडी मारून गर्दीत घुसला. "पेशंट कुठाय?"

गफूरनं धडधडणाऱ्या गाडीकडं बोट दाखवलं. "जरा देर करदी भाई. पेशंट उठके बैठी!"

आम्ही माफी मागितली. ती फोनवाली बाई तर पदरात तोंड लपवून हसत होती. ड्रायव्हर मात्र गेला नाही लगेच. कान लावून उभा राहिला. म्हणाला, "पाच मिन्टं थांबतो. एवढा ठणठणीत पेशंट मला कधी बघायलाच मिळत न्हाई."

*

गाडी चालू झाली, पण मधेच दचकायची. मास्तरांना नक्की कळेना. सिस्टरची मुलगी मनीषा लातूरला औषधाचं दुकान चालवते. तिनं इंटरनेटवर इटलीतले एक म्हातारे मिस्त्री शोधून काढले, जिनो म्हणून. वय ऐंशीच्या पुढं. उभी हयात असल्याच गाड्यांवर गेलेली. व्हिडिओ कॉल ठरला.

मनीषाची तयारी जय्यत. एका मोबाइलवर जिनोकाका, दुसऱ्या मोबाइलवर भाषांतर. जिनोकाकांनी गाडी बघितली, टाकीवरची सोनेरी रेघ बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. बराच वेळ बोलले. मनीषानं दुसऱ्या मोबाइलमध्ये बघून वाचलं, "तुमच्या रेघेला माझा नमस्कार."

इथपर्यंत ठीक होतं. मग मास्तरांनी कार्बोरेटरच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. जिनोकाका ओरडले, "पियानो! पियानो!"

मनीषा गोंधळली. "मास्तर, ते म्हणतायत पेटी वाजवा."

"पेटी? आता कुठून आणू पेटी? भजन हाय का हे?"

तिनं तो दुसरा मोबाइल वैतागून खिशात टाकला. मग दोघं म्हातारे एकमेकांशी सरळ बोलायला लागले. हे आपल्या नांदेडच्या मराठीत, ते त्यांच्या इटालियनमध्ये. मास्तर म्हणायचे, "बगा, हितं असं दचकायलंय." जिनोकाका तोंडानं तसाच आवाज काढून दाखवायचे. मास्तर मान हलवायचे, "हाव, हाव, अस्संच!" जिनोकाका "पियानो, पियानो" म्हणत तळहात खाली-खाली करून हळू, हळू असं दाखवायचे. मास्तरांचा स्क्रूड्रायव्हर केसभर फिरायचा. हात अगदी स्थिर. आवाज बदलायचा. दोघं डोळे मिटून ऐकायचे. एक इटलीत, एक लातूर फाट्यावर!

एकदम जिनोकाकांनी दोन्ही हात वर केले. "बास्ता! बास्ता!"

मास्तरांनी तिथंच हात काढला. इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

"ऐकलं का ज्ञान्या? बास म्हणले! मराठी येतंय त्यांना!"

सिस्टरनी विचारलं, "पण एवढा तासभर काय सांगत होते ते?"

मास्तर हात पुसत म्हणाले, "मला काय म्हाईत? पण एकदम बरोबर सांगत होते."

*

ट्रायल घ्यायची ठरली तेव्हा सिस्टरनी बजावलं होतं, "मास्तर, हिचा गिअर उजव्या पायाला हाय अन् ब्रेक डाव्या. आपल्या गाड्यांच्या उलटं."

"सिस्टर, तुम्ही मला सुई टोचायची शिकवा. गाडी शिकवू नका."

मास्तर निघाले. छाती पुढं, मिशीवर वारा. पहिली चक्कर मारून गॅरेजसमोर आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी थांबायला सवयीनं उजवा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढच्या गिअरमध्ये पडली आणि मास्तर आमच्यासमोरून निघून गेले.

दुसऱ्या चक्करला चेहरा जरा गंभीर. पुन्हा उजवा पाय. पुन्हा निघून गेले.

तिसऱ्या चक्करला पाय जमिनीला घासून थांबायच्या नादात त्यांची एक चप्पल रस्त्यावर राहिली. गफूर म्हणाला, "वा, मास्तर खुशीत हाय आज!"

चौथ्या चक्करला ते लांबूनच ओरडत आले, "ज्ञान्याऽऽ! ब्रेक कुठल्या पायात हाय ते सिस्टरला विचाऽऽर!"

सिस्टर स्टुलावर बसून पेरू खात होत्या. त्यांनी शांतपणे बी थुंकलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, मी सुया टोचते. गाडीचं मला काय कळतंय?"

*

आता शेवटचा. हा सांगायच्या आधी चहा संपवून घ्या.

थंडीचे दिवस होते. गाडी द्यायचा दिवस. मनीषा टेम्पो सांगून आली होती. सिस्टर म्हणाल्या, "पुलापर्यंत जाऊन येते." मनीषा नको-नको म्हणत होती. अडुसष्ट वय, दहा वर्षांत गाडीला हात नाही. सिस्टरनी खालून पायजमा घातलेलाच होता. साडी खोचली, हेल्मेट घातलं, एका किकमध्ये गाडी चालू केली आणि गेल्या. गुडघे टाकीला असे बसले, जणू त्या काल संध्याकाळीच उतरल्या होत्या.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मनीषानं फोन लावला, तर फोन आमच्याच टेबलावर वाजला. पर्स इथंच होती. तिचा चेहरा उतरला. मास्तर मला म्हणाले, "टाकी किती भरली होतीस?"

"गच्च."

"शाणा हाईस!"

मी माझी गाडी काढली, मास्तर मागं बसले. पुलावर कुणी नाही. पुढच्या हॉटेलवाल्याला विचारलं, "लाल गाडीवर एक म्हातारी बाई?" तो म्हणाला, "गेली की! मला हात बी केला." पुढं एका पंक्चरवाल्यानं कंधारकडं बोट दाखवलं. मास्तर मागून सारखे म्हणत होते, "हळू जा, खड्ड्यात बगत जा." काय नको ते मनात येत होतं. असा तास-दीड तास गेला.

कंधारच्या अलीकडं एका वाडीच्या फाट्यावर पोरीबाळी उभ्या होत्या. आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी आत हात दाखवला.

दहा-बारा घरांची वाडी. पत्र्याच्या एका घरापुढं गाडी उभी, अंगावर एक ओरखडा नाही. अंगणात वीसेक माणसं. सिस्टर बाजेवर बसून बशीतून चहा पीत होत्या, आणि लोक एकेक करून पुढं येत होते. मिशा पिकायला लागलेला एक माणूस त्यांच्या पाया पडत होता. त्याची बायको सांगत होती, "हे बी तुमच्याच हातचे!" मास्तर कट्ट्यावर मटकन बसले. म्हणाले, "सिस्टर, जीव काढला तुम्ही आमचा." आम्हालाही चहा मिळाला.

चहा पिताना माझं लक्ष अंगणाच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक म्हातारी, ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, तीन दगडांच्या चुलीत फुंकर घालत होती. माणसांचं बोलणं कमी ऐकू येत असावं, कारण एवढ्या गडबडीत ती एकदाही वळली नव्हती. चुलीवर हे एवढं मोठं भगुनं, काठोकाठ पाणी, वाफा निघत होत्या. खांद्यावर धुतलेल्या लुगड्याच्या घड्या.

मास्तर उठून तिच्या जवळ गेले. कानाशी वाकून म्हणाले, "मावशी, बास करा आता. चहा झाला समद्यांचा. एवढं पाणी कशाला?"

म्हातारीनं जाळ पुढं सारला आणि तोंडावरचा धूर पदरानं बाजूला केला.

"त्या गाडीचा आवाज आला तवाच आधण ठिवलंय मी," ती म्हणाली. "आता कोण अडलीय तेवढं सांगा!"